एका खोलीतल्या दोघी

आत्या मूळच्या टेलिफोन खात्यातल्या. कानाला हेडफोन, समोर वायरींचा गुंता आणि दिवसभर अनोळखी माणसांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची, हे त्यांचं काम. पुढे यंत्रं आली, ऑपरेटर नकोसे झाले आणि सरकारने उरलेल्या बायकांना जिथे खुर्ची रिकामी दिसली तिथे नेऊन बसवलं. आत्यांच्या वाट्याला मुलींचं निवारागृह आलं. "सहा महिने काढ, मग बदली मागू," असं नवरा म्हणाला होता. केस पांढरे झाले तरी त्या बदलीचा अर्ज काही लिहून झाला नाही.

इमारत पूर्वी कुठल्याशा विमा कंपनीचं ऑफिस होती. खिडक्यांना जाळ्या, आवाराला उंच भिंत, भिंतीवर बाटल्यांच्या काचा. फाटकाला हातभर खिडकी होती; आलेल्या माणसाचं तोंड आधी तिच्यातून पाहायचं आणि मग कुलूप काढायचं. मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, तिथे आत्या आणि त्यांचा नवरा राहत. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. "हिच्या घरात पन्नास मुली आणि मी एकटा बिचारा," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि दर महिन्याला एखादीचा मोडका चष्मा खिशात घालून दुकानात न्यायचा.

'आत्या' हे नाव त्यांना एका नऊ वर्षांच्या मुलीने दिलं. ही मुलगी झोपतानासुद्धा पायातल्या चपला काढत नसे. का, असं विचारलं तर म्हणाली, "पळायला लागलं तर?" तिला जे सोसावं लागलं होतं ते तिच्या मावशीच्या घरात, मावशीच्या नवऱ्याकडून. बाकीच्या मुली या नव्या बाईंना मावशी म्हणू लागल्या तशी ही म्हणाली, "मी मावशी नाही म्हणणार."

"मग आत्या म्हण. तुला आत्या आहे?"

"नाही."

"मग झालं तर."

कित्येक आठवडे गेले आणि एका सकाळी तिच्या चपला कॉटखाली शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या दिसल्या. आत्या खोलीबाहेर येऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. या भिंतीवर, तिच्यावरच्या काचांवर, फाटकाच्या कुलपावर त्यांचा विश्वास बसला तो त्या दिवसापासून.

त्याच मुलीला घेऊन त्या कोर्टात गेल्या तेव्हा समोरच्या वकिलाने विचारलं होतं, "तू ओरडली नाहीस ना? मग तुझी ना नव्हती, असंच ना?"  असं विचारायला तेव्हा मुभा होती. पुढे नवा कायदा आला. अठराच्या आतलं मूल 'हो' म्हणालं तरी ते 'हो' धरायचं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं. वकिलांचं तोंडच बंद झालं. त्या दिवशी आत्यांनी सगळ्या मुलींना आइस्क्रीम आणलं. कशाबद्दल आहे हे मुलींना कळलं नाही, पण आइस्क्रीमला कोण कारण विचारतं?

अशी ही बाई. कायदा तिला परका नव्हता. तिच्या डोळ्यांदेखत तो कामाला आला होता. म्हणूनच हेल्मेट आली तेव्हा त्या जरा गोंधळल्या.

हेल्मेट हे अर्थात मुलींनी ठेवलेलं नाव. पोलीसबाईंनी तिला आणलं तेव्हा तिच्या हातात स्कूटरचं हेल्मेट होतं. स्कूटर पोलीस ठाण्यात जमा झाली, हेल्मेट घ्यायचं कुणाला सुचलं नाही आणि ती ते खाली ठेवायला तयार नव्हती. सतरावं अजून पुरं व्हायचं होतं. यंत्रांची ड्रॉइंगं काढायचा कोर्स ती करत होती. बाप औषधाच्या दुकानात कामाला, आई लहानपणीच गेलेली. फ्रीज दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी करणाऱ्या एका मुलाशी तिचं जमलं होतं. तो नुकता कुठे अठरा ओलांडून गेला होता. बापाला कळलं, त्याने थोबाडीत मारली, फोन काढून घेतला आणि कोर्स बंद करीन म्हणाला. ती त्या मुलाबरोबर त्याच्या बहिणीच्या गावी निघून गेली. बापाने मुलगी हरवल्याची तक्रार दिली. दोन दिवसांत पोलिसांनी दोघांना शोधलं. मुलगा तुरुंगात गेला. घरी जायला ती नाही म्हणाली, म्हणून तिला इथे आणलं.

आत्यांनी नेहमीसारखं तिला ऑफिसात बसवलं, पाणी दिलं.

"इथे तुला कुणी काही करणार नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी शेकडो मुलींना म्हटलेलं होतं.

"मला कुणी काही केलेलंच नाही," मुलगी म्हणाली. "बाबांनी एक थोबाडीत दिली, तेवढीच. त्याची तक्रार कुणी लिहून घेतली नाही."

आत्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. आवाज कोरडा होता, पण ताठ होता.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण तपासणीसाठी आल्या. चांगली बाई होती. तिने मुलीला सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "तुझी तयारी आहे का? नसेल तर मी हातसुद्धा लावणार नाही."

"नाही," मुलगी म्हणाली.

"ठीक आहे. तसं लिहिते." डॉक्टरीण बॅग बंद करून निघाल्या.

त्या फाटकाबाहेर गेल्यावर मुलगी आत्यांना म्हणाली, "माझं 'नाही' चालतं ना इथे?"

"चालतं म्हणजे? चालायलाच हवं."

"मग माझं 'हो' का चालत नाही?"

 उत्तर आत्यांना पाठ होतं. प्रशिक्षणात तीनतीनदा घोटून घेतलेलं. लहान मुलाला फसवणं सोपं असतं, दबाव टाकणं सोपं असतं, म्हणून. पण समोर बसलेली मुलगी त्यांच्याकडे अशी पाहत होती की ते घोटलेलं उत्तर त्यांना देववेना.

"जेवून घे," त्या म्हणाल्या.

बाप भेटीच्या दिवशी आला. बारीक, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस. मुलगी त्याला भेटायला आली नाही. तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला आणि आत्या त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

"मी काय मागितलं होतं?" तो म्हणाला. "मुलगी शोधून द्या, एवढंच. शोधून दिली. मग मी म्हटलं, आता राहू द्या, मी तक्रार मागे घेतो, पोरगं लहान आहे, त्याच्या आईनं माझे पाय धरले. साहेब म्हणाले, आता ते तुमच्या हातात नाही. सरकारचा खटला आहे. मुलीचं वय बघून कलमं आपोआप लागतात." त्याने हातातली पिशवी गुडघ्यावर ठेवली. "माझा राग होता हो त्या पोरावर. आहेच. पण त्याला दहा-दहा वर्षं आत घाला असं मी म्हणालो नव्हतो."

"मुलीला मारलंत?"

 "मारलं. आधी कधी हात लावला नव्हता." मग म्हणाला, "ती गेल्यावर घरात बसून मी तो हातच बघत होतो."

पिशवीत तिच्या ड्रॉइंगच्या पेन्सिली आणि पट्टी होती. आत्यांनी ती आत नेऊन दिली. हेल्मेटने पेन्सिली घेतल्या आणि टोकं आहेत का पाहिलं. संध्याकाळी ती शिवणखोलीतल्या मोठ्या टेबलावर कागद पसरून बसली होती.

ज्या खोलीत तिला कॉट मिळाली होती तिथे आधीपासून आणखी एक मुलगी होती. तिचं नाव गोगलगाय. कुणी बोलायला गेलं की ती भिंतीकडे तोंड करून अंगाचं मुटकुळं करून घ्यायची. रोजच्या वापरात नाव लांब पडायला लागलं तसं त्याचं नुसतं 'गोगल' झालं. वय पंधरा. तिचा मामला कम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एका माणसाचा होता. तेहेतिशीचा, लग्न झालेला, एका मुलाचा बाप. त्याने तिला फोन घेऊन दिला होता, मग फोनमध्ये कुणाकुणाचे नंबर ठेवायचे ते ठरवून दिलं होतं. मैत्रिणी एकेक करून सुटत गेल्या. शाळेतल्या खेळाच्या बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी पोलिसांना कळवलं. तो माणूस जामिनावर बाहेर होता. तिच्या नावाने तो पार्सलं पाठवायचा, आणि आत्या ती फाटकावरूनच परत करायच्या. गोगलला हे कळलं होतं. ती आत्यांशी गरजेपुरतंच बोले.

"त्यांना माझी काळजी आहे," ती म्हणे. "मी वयाच्या मानाने समजूतदार आहे. आमचं नातं इतरांना कळणार नाही."

टेलिफोनवर काम केलेल्या आत्यांना आवाज ओळखायची सवय होती. ही वाक्यं गोगलच्या तोंडून येत, पण घडवलेली दुसऱ्या कुणीतरी होती. पंधरा वर्षांची पोर स्वतःला 'वयाच्या मानाने समजूतदार' म्हणत नाही. ते तिला कुणीतरी म्हणावं लागतं.

एकीकडे ही, एकीकडे ती. एकाच खोलीत, दोन हातांच्या अंतरावरच्या कॉटवर. आणि कायद्याच्या लेखी दोघींचा मामला एकच. कलमंसुद्धा जवळजवळ तीच.

एका रविवारी दुपारी आत्या नवऱ्याला म्हणाल्या, "ती मुलगी मला विचारते, माझं 'हो' का चालत नाही. काय सांगू?"

नवरा खिडकीपाशी बसून एका चष्म्याची काडी आवळत होता. "आपण लायब्ररीच्या जिन्यात भेटायचो तेव्हा तू केवढी होतीस गं?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"सतरा. आणि मी एकोणीस. तुझ्या दादाला कळलं तेव्हा त्यानं माझी सायकल विहिरीत टाकली. आजचा काळ असता तर पोलिसांत गेला असता. मी सुटून येईपर्यंत तुझे केस पांढरे."

"सायकल विहिरीत नव्हती टाकली. नाल्यात टाकली होती."

"विहिरीत म्हटलं की जरा बरं वाटतं ऐकायला." त्याने चष्मा डोळ्यांसमोर धरून पाहिला. "पण मी काही कम्प्युटर क्लासवाला नव्हतो, हेही खरं. तू मला दोनदा जिन्यातून हाकलून दिलं होतंस."

आत्या हसल्या, पण ते 'दोनदा हाकलून दिलं होतंस' त्यांच्या डोक्यात राहून गेलं.

हेल्मेटला मोफत मिळालेली वकीलीण तरुण होती. चालताना फायली सांभाळताना तिची तारांबळ उडे, पण डोकं जाग्यावर होतं. तिने सांगितलं की मुलाच्या जामिनाची तारीख लागली आहे. सरकारी पक्ष विरोध करणार. "त्यात मुलीचं म्हणणं कुणी ऐकत नाही. तिच्या वतीने पालक बोलतात, आणि इथे तक्रारदारच पालक. पण कायद्यात एक तरतूद आहे. मुलाला समजण्याइतकं वय असेल तर त्याचं म्हणणं न्यायाधीशांनी स्वतः ऐकावं. तिथे कुणी बोट ठेवत नाही एवढंच. मी अर्ज करते. पण न्यायाधीश पहिला प्रश्न विचारणार, हिला कुणी पढवलंय का? तेव्हा निवारागृहातर्फे कुणीतरी उभं राहून सांगायला हवं."

कुणीतरी म्हणजे कोण हे उघड होतं. आत्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे परवानगी मागायला गेल्या. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, तुम्हाला मी काय सांगू? आपलं काम मुलींना सांभाळायचं. आज तुम्ही एकीसाठी उभ्या राहाल. उद्या तो क्लासवाला वकील लावून म्हणेल, माझ्या खटल्यातल्या मुलीचंही ऐका. ती काय सांगेल ते तुम्हाला ठाऊक आहे. मग काय कराल?"

"ठाऊक आहे," आत्या म्हणाल्या. त्यांना खरोखरच ठाऊक होतं. साहेब चुकीचं बोलत नव्हते.

"कायद्याने एक रेघ मारलीय. रेघ मुळात असते कशाला? प्रत्येक वेळी वाद घालत बसायला लागू नये म्हणून."

"हो साहेब. पण ती रेघ त्या पोराच्या मानेवरून गेलीय."

 साहेब कॅलेंडरकडे पाहून म्हणाले, "मी परवानगी देत नाही. लेखी तर नाहीच नाही." आणि जरा थांबून, "त्या तारखेला मी दौऱ्यावर आहे. मागे काय झालं ते मला नंतर कळेल."

ही बातमी मुलींमध्ये पसरायला वेळ लागला नाही. निवारागृहात भिंतींनाच काय, वाळत घातलेल्या चादरींनाही कान असतात. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना गोगल आत्यांसमोर येऊन उभी राहिली. इतक्या महिन्यांत आपणहून पहिल्यांदा.

"हिच्यासाठी कोर्टात जाणार तुम्ही?"

"जाणार."

"मग माझ्यासाठी का नाही? मीही तेच सांगतेय. मीही माझ्या मनाने गेले होते." तिचा आवाज चढला. "ती वर्षा-दोन वर्षांनी मोठी म्हणून? का तिचा मुलगा गरीब म्हणून?"

आत्यांच्या हातातली ओली चादर जड झाली होती. साहेबांनी विचारलेला प्रश्न दुसऱ्याच दिवशी दारात येऊन उभा राहिला होता. पलीकडच्या दोरीवर हेल्मेट कपडे पिळत होती. तिचे हात थांबले.

"मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही," आत्या म्हणाल्या. "तू कधी त्यांना नाही म्हणालीस?"

"का म्हणू? ते माझं वाईट चिंततच नाहीत."

"कधीच नाही? आज क्लासला यायचं नाही, हा ड्रेस मला आवडत नाही, असं काही?"

"त्यांना राग येतो," गोगल म्हणाली. मग चटकन, "म्हणजे वाईट वाटतं. ते मग दोन-दोन दिवस बोलत नाहीत. मला ते सहन होत नाही. त्यात त्यांची काय चूक?"

हेल्मेट तिथूनच म्हणाली, "मी तर आमच्या शहाण्याला रोजच नाही म्हणते. त्याने एकदा माझ्या ड्रॉइंगवर चहा सांडला, मी त्याला आठवडाभर उभं केलं नाही. रोज येऊन माझ्या कोर्सच्या दारात तोंड पाडून उभा राहायचा. गाढव."

"मग तुमचं काही खरं नाही," गोगल म्हणाली.

"असेलही. मला काय ठाऊक? मी काय त्याच्याशी जन्माची गाठ मारायला गेले होते? बाबांनी कोर्स बंद करीन म्हटलं म्हणून गेले." हेल्मेटने पिळलेला टॉवेल झटकला. "पण समज मी उद्या म्हटलं, जा बाबा, आता पुरे. तर तो रडेल. फार तर दारू पिऊन मित्रांना त्रास देईल. तू म्हटलंस तर तुझा माणूस काय करेल?"

 गोगलचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला, आणि मग बंद झाला. "तुम्ही दोघी एक झालात," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. आत्या ताट घेऊन गेल्या तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. आत्यांनी ताट स्टुलावर ठेवलं आणि तिथेच खाली बसून राहिल्या. तासाभराने गोगल तशीच पाठ करून म्हणाली, "तुम्ही जा." आत्या गेल्या. सकाळी ताट रिकामं होतं, पण ते तिने खाल्लं की हेल्मेटने, हे त्यांनी विचारलं नाही.

कोर्टाची तारीख आली. न्यायाधीशबाईंनी मुलीला आपल्या खोलीत बोलावलं. खोली छोटी, कपाटांनी भरलेली. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर काही ना काही ठेवलेलं. मुलीला खुर्ची, वकीलीण शेजारी, आत्या दाराशी उभ्या. न्यायाधीशबाईंनी कोर्स विचारला, ड्रॉइंगमध्ये काय काय असतं ते विचारलं. मग म्हणाल्या, "मी कायदा बदलू शकत नाही. हे आधीच सांगते. पण तुला काय म्हणायचंय ते मला ऐकायचंय."

हेल्मेट म्हणाली, "तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मूर्ख आहे. मीही मूर्खपणा केला, न सांगता गेले. पण मला पळवलं नाही कुणी. स्कूटर मी चालवत होते." मग तिचा आवाज पहिल्यांदा घसरला. "सगळे म्हणतात, हे तुझ्याच भल्यासाठी चाललंय. मग मला एकदाही का नाही विचारलं? तो माझ्यामुळे आत बसलाय, आणि मला त्याचं काहीच करता येत नाही. माझं भलं असं असतं?"

न्यायाधीशबाईंनी तिला पाणी दिलं. मग दाराकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही अधीक्षिका ना? हिला कुणी पढवलंय असं वाटतं तुम्हाला?"

"नाही बाईसाहेब. हिला पढवणारा अजून जन्माला यायचाय."

न्यायाधीशबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "तुमच्याकडे आणखी एक मुलगी आहे. क्लासवाल्याची. तो खटलाही माझ्यापुढेच आहे. तीही म्हणते माझ्या मर्जीने. तुम्ही तिच्यासाठी आला नाहीत. फरक कसा करता?"

आत्या म्हणाल्या, "नेमका नाही सांगता येत. ही त्याच्याशी भांडते. ती तिच्या माणसाला भिते, आणि भिते हे तिला कळतसुद्धा नाही. वयाचं अंतरही आहेच. हिच्याशी बोललं की हीच बोलते. तिच्याशी बोललं की तोच बोलतो."

"कायद्यात भांडणाचं कलम नाही."

"नाही, ठाऊक आहे. आणि माझी चूक होऊ शकते. मी चुकले तर एखादी मुलगी मरेल, हेही ठाऊक आहे. म्हणून मी म्हणत नाही की फाटक उघडून टाका. एवढंच म्हणते की कुलूप घालायच्या आधी एकदा विचारा."

 न्यायाधीशबाईंनी ते लिहून घेतलं.

मुलाला जामीन मिळाला. अट अशी, की खटला संपेपर्यंत त्याने मुलीला भेटायचं नाही. हेल्मेटला घरी पाठवायचा आग्रह कोर्टाने धरला नाही. तिच्या आईच्या बहिणीकडे राहून कोर्स पुरा करायची तिला परवानगी मिळाली. बापाने दर आठवड्याला तिथे जाऊन भेटायचं, मुलीची इच्छा असेल तर. पहिले काही आठवडे तिची इच्छा नव्हती. मग एकदा ती दारात आली आणि म्हणाली, "पट्टी तुटलीय, नवी आणा." बाप धावतच दुकानात गेला.

खटला मात्र लगेच संपला नाही. वरच्या कोर्टात जाऊन तो रद्द व्हायला दोन वर्षं लागली. तोवर मुलाची उमेदवारी गेली होती. शेजारपाजारचे त्याच्या आईशी बोलेनासे झाले होते. ती दोन वर्षं त्याला कुणी परत देणार नव्हतं.

आणि मग एक दिवस हेल्मेट चष्म्याच्या दुकानात आली. ड्रॉइंग काढून काढून तिला नंबर लागला होता. आत्यांचा नवरा तिची नजर तपासून घेत होता, आणि आत्या त्याचा डबा द्यायला आल्या होत्या.

"कसा आहे तो?" आत्यांनी विचारलं.

"बरा आहे. गॅरेजमध्ये लागलाय." तिने फळ्यावरची अक्षरं वाचायचं थांबवलं. "आम्ही आता नाही एकत्र. मीच नको म्हटलं. तो बदलला नाही, मीच बदलले. पुष्कळ रडला. मीही रडले. पण मग संपलं."

आत्यांना वाईट वाटायला हवं होतं. एवढी कोर्टकचेरी ज्याच्यासाठी केली, ते असं संपलं. पण त्यांना वाटलं भलतंच. त्या पोरीने स्वतः जमवलं होतं, स्वतः मोडलं होतं, आणि दोन्ही वेळा कुणाला जेलमध्ये जायची गरज नव्हती. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"खालची ओळ वाच," नवरा म्हणाला. "रडून झालं असेल तर."

गोगलचा खटला पुढे चालू राहिला. पहिल्या तारखेला ती काहीच बोलली नाही. तो माणूस समोर बसून तिच्याकडे पाहत नकारार्थी मान हलवत होता. न्यायाधीशबाईंनी पडदा लावायला सांगितला आणि तारीख दिली. मधल्या काळात काय झालं हे आत्यांना पूर्ण कधीच कळलं नाही. समुपदेशक बाईंशी ती बोलत होती, आत्यांशी नाही. एकदा फक्त शिवणखोलीत ती आपणच पुटपुटल्यासारखी म्हणाली, "त्यांच्या मुलाला ते माझ्यासमोर लागट बोलायचे. मला तेव्हा वाटायचं, मी त्याच्यापेक्षा आवडते." आत्या शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाल्या, "हं." 

पुढच्या तारखेला पडद्याआडून तिने सगळं सांगितलं. अडखळत, मधे थांबत, पण सांगितलं. या वेळी शब्द तिचे होते. त्या माणसाला शिक्षा झाली. तिच्या 'हो'चा आधार घ्यायची त्याच्या वकिलाला सोय नव्हती. कायद्याची ती रेघ तिच्या बाजूने भक्कम उभी राहिली. त्या दिवशी आत्यांना जुनं आइस्क्रीम आठवलं आणि आपण त्या वेळी चुकलो नव्हतो याचं बरं वाटलं. कोर्टाच्या व्हरांड्यात गोगल त्यांच्या समोरून गेली. आत्या पुढे झाल्या, पण ती थांबली नाही. अठरा पूर्ण झाल्यावर ती आपल्या आजोळी गेली, कुणाचा निरोप न घेता.

आत्या निवृत्त व्हायच्या सुमारास कायद्यात बदल करायचं चाललं होतं. वय खाली आणायचं की नाही, जवळजवळ सारख्या वयाच्या मुलांचं काय करायचं, यावर एका समितीने निवारागृहांच्या बायकांनाही बोलावलं. आत्यांना पाच मिनिटं मिळाली. त्या म्हणाल्या, "वय खाली आणू नका. पण दोघंही पोरंच असतील तर न्यायाधीशांना विचार करायला जागा ठेवा. आणि मुलीला विचारा." एका सदस्याने खोडा घातला, "आणि मुलगी घाबरून खोटं बोलली तर?" आत्या म्हणाल्या, "तेही होईल."  कायद्यात अखेर थोडासा बदल झाला. काहींना तो फार वाटला, काहींना फारच कमी. आत्यांनी तो वर्तमानपत्रात दोनदा वाचला आणि नवऱ्याला वाचून दाखवला.

निवृत्तीनंतर एकदा बाजारात त्यांना ती वकीलीण भेटली. आता तिच्या फायली तिचा कारकून सांभाळत होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. आत्यांनी इतकी वर्षं मनात ठेवलेलं शेवटी विचारलं.

"गोगलचं काही कळलं?"

"हो, मागच्या वर्षी भेटली. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे. बरी दिसली. जरा भरलीय अंगाने. बरोबर कुणीतरी होता, स्कूटरवर थांबलेला."

"कोण?"

"विचारलं नाही मी."

"बरं केलंत," आत्या म्हणाल्या, आणि दोघी भाजी बघायला पुढे गेल्या.